व्रतस्थ बंधूंचे राज्य: ट्युटॉनिक ऑर्डर प्रशियात कशी उभी राहिली आणि नेमकी कशाने बुडाली?

रविवार कारंजा यांचा प्रश्न

नमस्कार. सिंहस्थ जवळ येत असल्यामुळे नाशिकमध्ये सध्या आखाड्यांचा विषय वारंवार निघतो. आमच्या वाचन कट्ट्यावर शस्त्रधारी साधूंच्या परंपरेविषयी बोलणे चालू असताना एका सदस्याने ट्युटॉनिक ऑर्डरचा (ऑर्डर म्हणजे व्रतस्थांचा संघ) उल्लेख केला आणि पुढच्या बैठकीत त्यावर मांडणी करण्याचे काम माझ्याकडे आले. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतलेल्या ख्रिस्ती लढवय्यांनी बाल्टिक समुद्राच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या उत्तर पोलंडपासून एस्टोनियापर्यंतच्या पट्ट्यात, जवळजवळ तीनशे वर्षे स्वतःचे राज्य चालवले, एवढे मला समजले आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. पॅलेस्टाइनमध्ये जखमींची शुश्रूषा करण्यासाठी निघालेल्या संस्थेला तिथून इतक्या दूर, थंड आणि दलदलीच्या प्रदेशात राज्य मिळालेच कसे? दुसरा प्रश्न शेवटाचा. बहुतेक लोकप्रिय लेखन पोलंड आणि लिथुआनिया यांच्याविरुद्ध झालेल्या १५ जुलै १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईपाशी येऊन थांबते आणि तिथेच ऑर्डर संपली असा समज करून देते. प्रत्यक्षात प्रशियातील राज्य १५२५ पर्यंत टिकले. लढाई हरल्यानंतर ११५ वर्षे जे राज्य टिकते, त्याच्या विनाशाचे कारण ती लढाई कशी असू शकेल? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

गंगापूर रोड यांचे उत्तर

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

तिसऱ्या क्रुसेडमध्ये, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धात, पॅलेस्टाइनमधील अक्का शहराला वेढा पडलेला असताना, ११९० मध्ये, ब्रेमेन आणि ल्यूबेक येथील व्यापाऱ्यांनी जर्मन सैनिकांसाठी तिथे एक रुग्णालय सुरू केले. ११९८ मध्ये त्याच संस्थेला लष्करी स्वरूप देण्यात आले आणि पुढच्या वर्षी पोप तिसरा इनोसंट याने तिला मान्यता दिली. टेम्प्लर आणि हॉस्पिटलर या दोन जुन्या, श्रीमंत ऑर्डरींपुढे ही तिसरी धाकटीच होती, आणि पॅलेस्टाइनमध्ये तिच्या वाट्याला फारसे काही येण्यासारखे उरलेले नव्हते.

तिचे नशीब बदलले ते हर्मान फॉन साल्झा या ग्रँड मास्टरमुळे, म्हणजे ऑर्डरच्या प्रमुखामुळे. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि पोप यांचे एकमेकांशी हाडवैर असण्याच्या काळात हा गृहस्थ दोघांच्याही विश्वासातला होता, दोघांमध्ये तह घडवून आणत होता आणि प्रत्येक वेळी दोघांकडूनही ऑर्डरसाठी काहीतरी पदरात पाडून घेत होता. मध्ययुगीन युरोपातील सर्वांत कुशल वकील कोण, असे कोणी विचारले, तर मी याचेच नाव घेईन.

त्याच्या कारकिर्दीतला पहिला प्रयोग मात्र फसला. हंगेरीचा राजा दुसरा आंद्रास याने १२११ मध्ये कुमान टोळ्यांपासून सीमेचे रक्षण करण्यासाठी ऑर्डरला ट्रान्सिल्व्हेनियातील बुर्झेनलांड हा प्रदेश दिला. ऑर्डरने किल्ले बांधले, जर्मन वसाहती वसवल्या, आणि मग तो प्रदेश राजाच्या हाताखालून काढून थेट पोपच्या छत्राखाली नेण्याची खटपट सुरू केली. आंद्रासला डाव कळला आणि त्याने १२२५ मध्ये सैन्य पाठवून ऑर्डरला हाकलून लावले. राजाच्या मेहेरबानीवर मिळालेली जमीन राजा परत घेऊ शकतो, हा धडा साल्झाने पक्का गिरवला.

म्हणूनच पुढच्या वर्षी पोलंडमधील माझोव्हियाचा ड्यूक कोनराड याने शेजारच्या मूर्तिपूजक प्रशियन टोळ्यांविरुद्ध मदत मागितली, तेव्हा साल्झाने घाई केली नाही. आधी कागद, मग घोडे, असा त्याचा क्रम होता. रिमिनी येथे काढलेल्या सम्राटाच्या सनदेने ऑर्डरला कुल्म प्रांत आणि पुढे जो प्रदेश जिंकला जाईल त्यावर राज्यकर्त्याचे अधिकार दिले. १२३४ मध्ये पोप नववा ग्रेगरी याने रिएटी येथून फर्मान काढून तो प्रदेश संत पीटरची मालमत्ता ठरवला आणि ऑर्डरकडे कायमचा सोपवला. आता तिथल्या जमिनीवर ऑर्डरचा दावा सम्राटाच्या आणि पोपच्या अशा दोन्ही शिक्क्यांनी पक्का झाला, आणि ज्याने बोलावले त्या कोनराडचा मात्र कुठेच संबंध उरला नाही. कोनराडने स्वतः काय लिहून दिले होते, याविषयी १२३० चा क्रुश्विचा येथील म्हणून दाखवला जाणारा करार खरा की बनावट, यावर पोलिश आणि जर्मन इतिहासकारांचे वाद पिढ्यान्पिढ्या चालत आले आहेत.

प्रत्यक्ष विजयाला अर्धे शतक लागले. नदीच्या काठाने एकेक लाकडी गढी उभारत जायचे, तिच्या आश्रयाने जर्मन वस्ती बसवायची आणि पुढच्या हंगामात पुढे सरकायचे, अशी पद्धत होती. थॉर्न १२३१ मध्ये, एल्बिंग १२३७ मध्ये, क्योनिग्सबर्ग १२५५ मध्ये उभे राहिले. या शेवटच्याचे नाव मोहिमेत सामील झालेला बोहेमियाचा राजा दुसरा ओटोकार याच्या सन्मानार्थ ठेवले गेले. १२३७ मध्येच लिव्होनियातील (आजचा लाटव्हिया आणि एस्टोनिया) तलवारधारी बंधूंची खिळखिळी झालेली ऑर्डर यांच्यात विलीन झाली. १२६० मध्ये प्रशियन टोळ्यांनी मोठा उठाव केला. हेर्कुस मोन्टे हा त्यांचा प्रमुख सेनानी लहानपणी ओलीस म्हणून जर्मनांकडे वाढलेला होता आणि त्यांची युद्धपद्धती ओळखून होता. तो उठाव मोडायला चौदा वर्षे लागली, आणि १२८३ पर्यंत सगळा प्रशिया ऑर्डरच्या ताब्यात आला.

१२९१ मध्ये अक्का पडल्यावर मुख्यालय व्हेनिसला गेले आणि १३०९ मध्ये ग्रँड मास्टर स्वतः प्रशियातील मारिएनबुर्गला येऊन राहिला. ही तारीख योगायोगाची नाही. १३०७ मध्ये फ्रान्सच्या राजाने टेम्प्लरांना एका रात्रीत पकडले होते. स्वतःचे राज्य नसलेल्या लष्करी ऑर्डरचे काय होते, हे सगळ्या युरोपाने पाहिले होते.

जुने नाशिक यांचे उत्तर

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु राज्य रोज कसे चालत होते, हे पाहिल्याशिवाय ते का बुडाले ते कळणार नाही, म्हणून थोडी भर घालतो.

प्रदेशाचे विभाग पाडलेले होते आणि प्रत्येक विभागाच्या किल्ल्यात एक कोमटुर (विभागप्रमुख) आणि त्याच्या हाताखाली बंधूंचा मठ असे. आदर्श संख्या येशूच्या शिष्यांप्रमाणे बारा मानली जाई. तोच मठ, तीच कचेरी, तेच न्यायालय, तेच धान्याचे कोठार. ग्रँड मास्टरखाली पाच मोठे अधिकारी होते. त्यांतला खजिनदार मारिएनबुर्गला बसे, सेनापती क्योनिग्सबर्गला, आणि रुग्णालयप्रमुख एल्बिंगला. मूळच्या रुग्णालयाची आठवण पदाच्या रूपाने तरी शिल्लक होती. खजिनदाराची १३९९ ते १४०९ या काळातील हिशेबवही आजही उपलब्ध आहे. मध्ययुगात इतके कागदोपत्री चोख राज्य उत्तर युरोपात क्वचितच सापडते.

उत्पन्नाची मोठी बाजू धान्य होती, पण सर्वांत बोलका जिन्नस म्हणजे अंबर. सामलांडच्या किनाऱ्यावर वादळानंतर लाटांबरोबर अंबराचे खडे वाहून येतात. किनाऱ्यावरील कोळ्यांनी ते जाळ्यांनी वेचायचे आणि ऑर्डरच्या अधिकाऱ्याकडे जमा करायचे, मोबदल्यात प्रामुख्याने मीठ घ्यायचे, अशी व्यवस्था होती. एक खडा खिशात घातला तरी फाशीची शिक्षा होऊ शकत होती आणि तिची आठवण राहावी म्हणून किनाऱ्यावरच फाशीचे खांब उभे असत. हा माल ऑर्डरचे व्यापारी अधिकारी ल्यूबेक आणि ब्रूजमधील जपमाळा बनवणाऱ्या कारागिरांच्या संघांना विकत. स्वतः मालमत्ता न बाळगण्याचे व्रत घेतलेले बंधू युरोपभरच्या भाविकांच्या जपमाळांवर मक्तेदारीचा नफा मिळवत होते!

दुसरी गोष्ट लिथुआनियावरील स्वाऱ्यांची. विनरिश फॉन क्निप्रोडे याच्या काळात, म्हणजे १३५१ ते १३८२ मध्ये, या स्वाऱ्या ऐन भरात होत्या. हिवाळ्यात दलदल गोठली की एक आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की एक, अशा मोहिमा निघत. फ्रान्स, इंग्लंड, नेदरलँड्समधील उमराव स्वतःच्या खर्चाने त्यांत भाग घेण्यासाठी येत. पुढे इंग्लंडचा राजा चौथा हेन्री झालेला हेन्री बोलिंगब्रोक १३९० मध्ये येऊन गेला. पराक्रम गाजवणाऱ्यांना मानाच्या मेजावर जेवायला बसवले जाई. ऑर्डरला या रीतीने बिनपगारी सैन्य मिळत होते, मात्र शेजारी मूर्तिपूजक राहील तोपर्यंतच.

एक बारीकसारीक बाबही सांगतो. मारिएनबुर्गचा किल्ला, आजचे माल्बोर्क, संपूर्ण विटांचा आहे. तळघरातील भट्ट्यांत दगड तापवून त्यांवरून जाणारी गरम हवा फरशीतल्या भोकांतून दालनांत सोडली जात असे. चर्चच्या बाहेरील भिंतीत रंगीत काचेच्या तुकड्यांनी मढवलेली, सुमारे आठ मीटर उंच मेरीची मूर्ती होती. ती १९४५ मध्ये नष्ट झाली आणि अलीकडे, २०१६ मध्ये, पुन्हा उभारण्यात आली. लांबून येणाऱ्याला सर्वप्रथम दिसावे ते राज्याचे धर्मकार्य, तोफा आणि कोठारे मागाहून, असा हेतू त्यात उघड आहे.

रविवार कारंजा यांचा उपप्रश्न

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कट्ट्यावर हमखास विचारले जाईल असा एक प्रश्न आहे. आपल्याकडेही आखाड्यांजवळ शस्त्रे होती, जमिनी होत्या, शिस्त होती. मग त्यांनी असे राज्य का उभारले नाही? आणि ग्रुनवाल्डचा मुद्दा अद्याप राहिला आहे.

पाथर्डी फाटा यांचे उत्तर

आखाड्यांविषयी थोडक्यात लिहितो, कारण विषय तो नाही. अठराव्या शतकात अनुपगीर गोसाव्याच्या हाताखाली हजारो शस्त्रधारी गोसावी होते आणि बुंदेलखंडात त्याचा मोठा प्रदेश होता, म्हणजे ताकदीची उणीव नव्हती. परंतु तो नवाबांच्या आणि इतर सत्ताधीशांच्या चाकरीत राहून मोठा झाला. आखाड्याच्या नावाने एखादा मुलूख कायमचा लिहून देणारे पोपसारखे पीठ आपल्याकडे नव्हते. त्र्यंबकला कुशावर्तावर शैवांनी आणि नाशिकला रामकुंडावर वैष्णवांनी स्नान करावे ही व्यवस्था टिकली, तीही राजसत्तेने तंट्यात लक्ष घातल्यामुळे. ऑर्डरच्या बाबतीत न्यायनिवाडा करणारी राजसत्ता ती स्वतःच होती, आणि माझ्या मते तिच्या ऱ्हासाचे मूळही तिथेच आहे.

आता ग्रुनवाल्ड. या लढाईत ग्रँड मास्टर उलरिश फॉन युंगिंगन आणि त्याच्याबरोबर जवळजवळ सगळे वरिष्ठ अधिकारी मारले गेले. पण हाइनरिश फॉन प्लाउएन याने मारिएनबुर्ग सुमारे दोन महिने लढवून वाचवले, आणि १४११ च्या थॉर्नच्या तहात ऑर्डरला प्रदेश फारसा गमवावा लागला नाही. गमवावा लागला तो पैसा: एक लाख कोपा प्राग ग्रॉशेन, आणि एका कोप्यात साठ नाणी. हा हप्ता भरण्यासाठी जे कर बसवले गेले, त्यांनी जे केले ते पोलिश तलवारींना जमले नव्हते.

मात्र लढाईच्या चोवीस वर्षे आधी खरा घाव बसलेला होता. लिथुआनियाचा महाराजा योगाइला याने १३८६ मध्ये क्राकोव्ह येथे बाप्तिस्मा घेतला, पोलंडची राणी याद्विगा हिच्याशी विवाह केला आणि तो पोलंडचा राजा झाला. पुढच्या वर्षी लिथुआनियाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मूर्तिपूजकांशी लढण्याच्या नावाखाली ज्यांनी राज्य कमावले, त्यांच्या शेजारी आता मूर्तिपूजकच उरले नाहीत. हा धर्मस्वीकार खोटा आहे, असे ऑर्डर ओरडून सांगत राहिली, परंतु कोन्स्टान्सच्या धर्मपरिषदेत, १४१४ ते १४१८ या काळात, क्राकोव्ह विद्यापीठाचा रेक्टर पावेल व्लोत्कोवित्स याने उलट तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. मूर्तिपूजकांनाही स्वतःच्या जमिनीवर हक्क असतो आणि तलवारीने केलेले धर्मांतर धर्मांतर नव्हे, असा त्याचा युक्तिवाद होता. परिषदेने ऑर्डरला दोषी ठरवले नाही, पण स्वखर्चाने येणारे परदेशी उमराव मात्र येईनासे झाले. आता लढायचे तर भाडोत्री सैनिक घ्यावे लागणार, आणि भाडोत्री सैनिकांना पगार लागतो.

तो पगार कोण देणार? इथे ऑर्डरच्या ब्रह्मचर्याची राजकीय बाजू समोर येते. बंधू जवळजवळ सगळे जर्मनीच्या वेगवेगळ्या प्रांतांतून येत. प्रशियात जन्मलेल्या जमीनदाराच्या मुलाला, तो जर्मन असला तरी, ऑर्डरमध्ये शिरणे अवघड होते. राज्यकर्त्यांना मुलेबाळे नाहीत, सोयरीक नाही, स्थानिकांशी नात्याचा धागा नाही. राजघराणी निदान लग्नसंबंधांतून उमरावांना बांधून घेतात. ऑर्डरपाशी तसा मार्गच नव्हता. पहिली पिढी सीमेवर असुरक्षित होती, तोवर लोकांनी हे सहन केले. व्यापाराने श्रीमंत झालेल्या डान्झिग (आजचे ग्दान्स्क) आणि थॉर्नसारख्या शहरांना मात्र कर द्यायचे आणि विचारविनिमयात स्थान नाही, ही अवस्था खुपू लागली. त्यात १४११ च्या एप्रिलमध्ये डान्झिगचा महापौर कोनराड लेट्सकाउ आणि त्याच्या सहकाऱ्यांना बोलणी करण्यासाठी म्हणून ऑर्डरच्या किल्ल्यात बोलावले गेले आणि तिथेच ठार मारण्यात आले. ज्या शहराच्या जहाजांवर राज्याचे उत्पन्न अवलंबून आहे, त्या शहराशी असे वागणारे राज्यकर्ते किती काळ टिकणार?

१४४० मध्ये जमीनदार आणि १९ शहरे यांनी मिळून प्रशियन महासंघ स्थापन केला. १४५३ मध्ये सम्राट तिसरा फ्रेडरिक याने तो बेकायदा ठरवला, तेव्हा महासंघाने पोलंडचा राजा चौथा काझिमिर याच्याकडे धाव घेतली आणि फेब्रुवारी १४५४ मध्ये उठाव झाला. काही आठवड्यांत बहुतेक किल्ले पडले. थॉर्नच्या नागरिकांनी आपल्या शहरातील ऑर्डरचा किल्ला इतका मनापासून पाडला की आज तिथे अवशेषांमध्ये जो धडधाकट बुरूज उभा दिसतो तो शौचकूपाचा आहे. इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे म्हणणाऱ्यांनी तो पाहून यावा.

युद्ध तेरा वर्षे चालले. ऑर्डरने सुरुवातीला कोनिट्झची लढाई जिंकलीही. पण पगार थकलेल्या भाडोत्री सैनिकांकडे ग्रँड मास्टरने किल्ले गहाण ठेवले होते, आणि १४५७ मध्ये त्यांच्या बोहेमियन सरदाराने मारिएनबुर्गचा किल्ला १,९०,००० सोन्याच्या नाण्यांना थेट पोलंडच्या राजाला विकून टाकला. ग्रुनवाल्डनंतरच्या वेढ्यात जो किल्ला पडला नाही, तो व्यवहारात गेला. ग्रँड मास्टर लुडविग फॉन एर्लिक्सहाउझन क्योनिग्सबर्गला पळाला. १४६६ च्या दुसऱ्या थॉर्न तहाने डान्झिग, थॉर्न, एल्बिंग आणि मारिएनबुर्गसह पश्चिमेचा संपन्न भाग पोलंडकडे गेला आणि उरलेल्या पूर्वेकडील भागासाठी प्रत्येक ग्रँड मास्टरने पोलंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची, असे ठरले.

सीबीएस कॉर्नर यांचे उत्तर

पाथर्डी फाटा यांचे विवेचन पटते, पण लिथुआनियाच्या बाप्तिस्म्याला त्यांनी दिलेले वजन मला जास्त वाटते. बाप्तिस्म्यानंतरही ऑर्डरने १३९८ मध्ये गोटलांड बेट घेतले, १४०२ मध्ये ब्रांडेनबुर्गचा नॉयमार्क हा प्रांत मिळवला. म्हणजे प्रयोजन संपल्यावरही तिची भूक संपली नव्हती आणि खजिनाही रिकामा नव्हता. शिवाय ऑर्डर ख्रिस्ती पोलंडशी भांडत होती ती फार पूर्वीपासून. १३०८ मध्ये तिने डान्झिग बळकावले आणि पुढे पोमेरेलिया, म्हणजे डान्झिगभोवतालचा प्रदेश, परत करण्याचे पोपच्या न्यायाधीशांचे निकाल चक्क धुडकावले. धर्माच्या आधारावर उभे राहिलेले राज्य धर्मपीठाचाच निकाल मानत नाही, ही पत गमावण्याची सुरुवात मला १३८६ पेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

शेवट सांगायचा राहून गेला आहे, म्हणून पुरा करतो. १५११ मध्ये ब्रांडेनबुर्ग-आन्सबाखचा आल्ब्रेख्ट ग्रँड मास्टर झाला. पोलंडचा राजा पहिला सिगिस्मुंड हा त्याचा सख्खा मामा. मामाला शपथ देण्याचे टाळण्यासाठी भाच्याने १५१९ मध्ये युद्ध केले आणि त्यात काहीच साधले नाही. (याच युद्धात ऑलश्टाइनच्या किल्ल्याच्या संरक्षणाची तयारी तिथला प्रशासक निकोलाउस कोपर्निकस याने केली होती.) १५२३ मध्ये आल्ब्रेख्ट विटेनबर्गला पोपविरुद्ध उभा राहिलेला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याला भेटला. व्रते सोडावीत, लग्न करावे आणि प्रदेशाला वंशपरंपरागत संस्थान करावे, असा सल्ला त्याला मिळाला. १० एप्रिल १५२५ रोजी क्राकोव्हच्या बाजारचौकात त्याने मामापुढे गुडघे टेकले आणि तो प्रशियाचा ड्यूक म्हणून उठला. सामलांडच्या बिशपने आधीच ल्यूथरचे मत स्वीकारलेले होते आणि त्यानेही आपल्या बिशपपदाचा मुलूख आल्ब्रेख्टच्या स्वाधीन केला. प्रतिकार जवळजवळ झालाच नाही, कारण प्रशियात बंधूच मोजके उरले होते आणि बाकी कोणाला ऑर्डर हवी नव्हती. लिव्होनियातील शाखा १५६१ पर्यंत तग धरून होती. तिथेही शेवटचा मास्टर गोटहार्ड केटलर याने हाच मार्ग पत्करला आणि तो कुरलांडचा ड्यूक झाला. जर्मनीतील मठ मात्र कॅथलिकच राहिले आणि मेर्गेनटहाइमहून त्यांचा कारभार १८०९ मध्ये नेपोलियनने बंद करेपर्यंत चालला.

रविवार कारंजा यांनी मांडणीत मूळ प्रशियनांना जागा द्यावी, असे सुचवतो. ज्यांच्या उद्धारासाठी हे राज्य स्थापन झाले, त्या लोकांच्या भाषेतील पहिली छापील धर्मप्रश्नोत्तरी १५४५ मध्ये निघाली, ऑर्डर गेल्यानंतर वीस वर्षांनी, आणि तीही ल्यूथरपंथीय ड्यूकच्या आज्ञेने. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ती भाषा बोलणारे कोणी राहिले नाही.

पाथर्डी फाटा यांचे उत्तर

पोमेरेलियाचा मुद्दा मान्य आहे, परंतु निकाल धुडकावूनही ऑर्डरचे त्या वेळी काहीच बिघडले नाही, कारण लिथुआनियावरील स्वाऱ्या चालू होत्या आणि पोपला तिची गरज होती. १३४३ च्या कालिश तहात पोलंडच्या तिसऱ्या काझिमिरने पोमेरेलियावरचा दावा सोडून दिला, तो याच कारणाने. पत होती तोवर निकाल पचवता आला. १३८७ नंतर तोच जुना वाद कोन्स्टान्समध्ये पुन्हा निघाला, तेव्हा तो पचवता आला नाही. मांडणीत हे दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी ठेवावेत. कोन्स्टान्समधील वाद मराठीत फारसा आलेला नाही, त्यामुळे शक्य झाल्यास त्याला अधिक वेळ द्यावा आणि ग्रुनवाल्डच्या व्यूहरचनेचे नकाशे वगळले तरी चालेल.